प्रस्तावना : नवख्या प्रोग्रॅमरच्या शंकांविषयी

संगणकाच्या पडद्यावर खिडकी उघडणारी, तीत बटणे आणि रकाने मांडणारी, हिशेब जतन करणारी आणि मागितल्यास छापून देणारी आज्ञावली लिहावयास जे प्रथमच बसतात, त्यांच्या शंकांचे एक वैशिष्ट्य असे की, त्या विचारल्या जातात एका गोष्टीविषयी आणि असतात दुसऱ्याच गोष्टीविषयी. बटण दाबताच खिडकी का गोठते, एका फॉर्मवरील मजकूर दुसऱ्या फॉर्मवर का जात नाही, माझ्या यंत्रावर सुरळीत चालणारा प्रोग्रॅम मित्राच्या यंत्रावर उघडतच का नाही, बेरजेत शेवटी एक पैसा कोठून आला, अशा या शंका वरकरणी किरकोळ वाटतात, आणि जाणकार मंडळी त्यांवर दोन ओळींचा तोडगा सांगून मोकळी होतात. तोडगा लागू पडतो. शंका मात्र निरसन न होता तशीच राहते आणि पंधरवड्याने निराळ्या शब्दांत पुन्हा विचारली जाते. हल्ली तर कृत्रिम बुद्धीकडून असा तोडगा क्षणार्धात आणि अत्यंत अदबीने मिळू लागला आहे, त्यामुळे शंकेच्या मुळाशी जाण्याची जी थोडीफार सक्ती पूर्वी होती तीही उरलेली नाही.

प्रस्तुत पुस्तकात अशा शंका एकत्र करून त्यांची उत्तरे दिली आहेत खरी. परंतु उत्तरांपूर्वी त्या शंका उद्भवतात कशातून, हे सांगणे मला अधिक अगत्याचे वाटते. त्यांतील बहुतेकींचा माग काढीत गेल्यास आपण दोन समजुतींपाशी येऊन पोहोचतो. आज्ञावलीत पुढाकार आपला असतो, ही पहिली. आणि ज्या यंत्रावर ती चालते ते यंत्र आपले असते, ही दुसरी. विद्यालयांतून शिकविला जाणारा पहिलावहिला प्रोग्रॅम या दोन्ही समजुती दृढ करतो. तो वरून खाली क्रमाने चालतो. त्याला हवी तेव्हा तो संख्या मागतो, वापरणारा निमूटपणे ती देतो, उत्तर छापले जाते आणि प्रोग्रॅम संपतो. केर्निहन आणि रिची यांच्या १९७८ सालच्या सी भाषेवरील ग्रंथाने जगभर रूढ केलेला, जगाला अभिवादन करणारा तो चार-पाच ओळींचा प्रोग्रॅम याच जातीचा होय. पुढे दहा वर्षांनी, १९८८ साली, चार्ल्स पेटझोल्ड यांनी विंडोजवरील आपल्या ग्रंथात तसलेच अभिवादन एका खिडकीत उमटवून दाखविले, तेव्हा त्यास सत्तर-ऐंशी ओळी लागल्या, आणि त्या काळच्या अनेकांनी या लांबीबद्दल कुरकुर केली. वास्तविक विस्मय वाटावयास हवा होता तो लांबीचा नव्हे. त्या सत्तर-ऐंशी ओळींत ‘आता हा मजकूर छाप’ अशी आज्ञा क्रमाने कोठेच येत नाही; खिडकी पुन्हा रंगविण्याची वेळ झाली आहे असे विंडोजने कळविले म्हणजे, आणि तेव्हाच, तो मजकूर उमटतो. प्रोग्रॅमने यंत्रास हाक मारण्याऐवजी यंत्रच प्रोग्रॅमला हाक मारू लागले होते.

या पालटाचा इतिहास पेटझोल्ड यांच्याही पूर्वीचा आहे. डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे जमलेल्या संगणकतज्ज्ञांपुढे माउस हाती धरून पडद्यावरील मजकूर हलवून दाखविला. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात १९७३ साली आल्टो हे यंत्र सिद्ध झाले. १९८४च्या जानेवारीत मॅकिंटॉश आणि १९८५च्या नोव्हेंबरात विंडोजची पहिली आवृत्ती बाजारात आली. या सर्व प्रवासात दिसावयास खिडक्या, चित्रे आणि बाणाच्या आकाराचा दर्शक आले, हे सर्वांस ठाऊक आहे. पण त्याच प्रवासात पुढाकार प्रोग्रॅमकडून निघून माणसाकडे गेला, ही गोष्ट वापरणाऱ्यास सुखाची आणि लिहिणाऱ्यास अडचणीची ठरली.

त्या अडचणीकडे वळण्यापूर्वी एका प्रश्नाचा निकाल लावून टाकणे बरे. कोणती भाषा शिकावी, हा प्रश्न सर्वांत अधिक विचारला जातो आणि माझ्या मते तो सर्वांत कमी महत्त्वाचा आहे. फॉर्मवर बटण ओढून ठेवावे, त्यावर दोनदा टिचकी मारावी आणि जी जागा उघडेल तीत आज्ञा लिहाव्यात, ही रीत व्हिज्युअल बेसिकने १९९१ साली लोकप्रिय केली, आणि तीच आजतागायत नवख्याच्या हाताला प्रथम लागते. टर्बो पास्कल, १९९५ सालचे डेल्फी आणि त्यानंतरची सी शार्प ही तिन्ही मुख्यतः आंडर्स हायल्सबर्ग या एकाच डॅनिश रचनाकाराच्या हातून घडली आहेत; तेव्हा यांपैकी एकीत मुरलेल्याला दुसरीत फार काळ परके वाटत नाही, यात नवल नाही. विंडोजवरच काम करावयाचे असेल त्याने सी शार्प घ्यावी. पायथन आधीच येत असेल त्याने तीच ठेवून नॉर्वेत जन्मलेल्या क्यूटी या साधनसंग्रहाची जोड द्यावी. जावा जाणणाऱ्याने उगाच घर बदलू नये. या पुस्तकातील उदाहरणे सी शार्पमध्ये आहेत, ती केवळ एका भाषेत लिहिणे भाग होते म्हणून.

आता मुख्य अडचण. खिडकी असलेला प्रोग्रॅम कसा चालतो हे समजण्यास जुन्या मामलेदार कचेरीतील बारनिशीचा कारकून डोळ्यांपुढे आणावा. त्याच्यापुढे अर्जांची चळत असते. तो वरचा अर्ज उचलतो, तो कोणत्या टेबलाचा आहे हे पाहतो, त्याची तजवीज लावतो आणि पुढच्या अर्जास हात घालतो. अर्ज नसेल तेव्हा तो स्वस्थ बसतो, आणि हे स्वस्थ बसणे हाही त्याच्या कामाचाच भाग असतो. माउस हलला, कळ दाबली गेली, दुसरी खिडकी वरून सरकली आणि खालचा भाग उघडा पडला, घड्याळाचा ठोका पडला, यांपैकी प्रत्येक गोष्ट म्हणजे एक अर्ज. विंडोज तो चळतीत दाखल करते आणि प्रोग्रॅममधील एक छोटेसे आवर्तन तो उचलून संबंधित खिडकीकडे पोहोचविते. व्हिज्युअल बेसिकने आणि तिच्या वारसदारांनी हे आवर्तन नजरेआड केले. नवखा लिहितो ती आज्ञावली म्हणजे एकेका अर्जावरील कार्यवाही, एवढेच असते. आणि त्याला वाटत असते की आपण संपूर्ण प्रोग्रॅम लिहीत आहोत.

म्हणूनच, बटणाच्या कार्यवाहीत जेव्हा तो दहा हजार नोंदी वाचण्याचे, किंवा दूरच्या सर्व्हरकडून काही मागवून उत्तराची वाट पाहण्याचे काम घालतो, तेव्हा कारकून एकाच अर्जात गुंतून पडतो आणि चळत वाढत जाते. खिडकी रंगविण्याचा अर्ज त्याच चळतीत खाली पडलेला असल्यामुळे ती पांढरी पडते; ‘रद्द करा’ या बटणावरील टिचकीही तेथेच पडलेली असल्यामुळे रद्दही करता येत नाही. पाच सेकंद होऊनही एकही अर्ज उचलला गेला नाही म्हणजे विंडोज त्या खिडकीला निरुत्तर ठरवते आणि तिच्या मथळ्यावर तसा शेरा मारते. नवख्याची समजूत अशी की, प्रोग्रॅम बिघडला. प्रोग्रॅम बिघडलेला नसतो. तो अत्यंत निष्ठेने सांगितलेले काम करीत असतो, फक्त ते काम चुकीच्या माणसाच्या गळ्यात घातलेले असते.

यावर जो तोडगा सर्वत्र सांगितला जातो तो असा की, जड काम निराळ्या थ्रेडवर, म्हणजे जणू दुसऱ्या कारकुनावर, सोपवावे. तो करताच दुसरी शंका उभी राहते. कारण त्या थ्रेडने काम संपवून निष्पत्ती फॉर्मवर लिहावयास हात घातला की, ज्या थ्रेडने हा घटक निर्माण केला त्याच्याखेरीज इतर कोणी त्यास स्पर्श करू नये, अशा आशयाचा दोष पुढे येतो. सी शार्पचा पाया असलेल्या डॉट नेटच्या २००५ सालच्या दुसऱ्या आवृत्तीपासून, दोषशोधनासाठी प्रोग्रॅम चालविताना, ही आगळीक अशी उघड केली जाते. त्यापूर्वी ती पुष्कळदा खपून जाई आणि केव्हातरी, ज्याचा कार्यकारणभाव कोणाच्याही ध्यानी येणार नाही अशा क्षणी, प्रोग्रॅम कोसळे. हा दोष दाबून टाकण्याचीही एक मुभा आहे आणि ती सांगणारे उपदेशकही भेटतात. त्यांच्या वाटेस जाऊ नये. सी शार्पने २०१२ साली असिंक आणि अवेट या दोन शब्दांची जी सोय केली तिच्यामुळे वाट पाहण्याचे काम करूनही कारकुनाचे हात मोकळे राहतात आणि उत्तर आल्यावर उरलेली कार्यवाही पुन्हा त्याच्याच टेबलावर रुजू होते. या सोयीस पुस्तकातील सर्वांत लांब प्रकरण दिले आहे, आणि ते एका बैठकीत वाचून होईल असे मी आश्वासन देत नाही.

एका फॉर्मवरून दुसऱ्या फॉर्मवर मजकूर नेण्याची शंका तितकीच सार्वत्रिक आहे. दुसऱ्या फॉर्ममध्ये नवखा पहिल्या फॉर्मची नवी प्रत निर्माण करण्याची आज्ञा लिहितो, तिच्यावरील रकान्यात मजकूर भरतो, आणि पडद्यावरचा रकाना रिकामाच पाहून चकित होतो. मजकूर भरला गेला आहे, परंतु तो त्या नव्या, कधीच न दाखविलेल्या फॉर्मवर. पडद्यावरचा फॉर्म निराळा आहे आणि त्याला या घडामोडीची वार्ताही नाही. आराखडा आणि त्यावरून घडलेली वस्तू यांतील भेद पुस्तकात वाचून पाठ होतो, पण तो असा एकदा अंगावर आल्यावाचून कळत नाही. याच कुळातला दुसरा दोष म्हणजे, ज्या नावामागे कोणतीच वस्तू उभी नाही त्या नावास काम सांगणे. अशा रिक्त निर्देशाची कल्पना टोनी होअर यांनी १९६५ साली अल्गॉल डब्ल्यू या भाषेत आणली, आणि २००९ साली त्यांनीच ती आपली अब्ज डॉलरची चूक होती असे जाहीरपणे म्हटले. नवख्याने हा दोष पाहून स्वतःस दोष देण्याचे कारण नाही. दोषाचा मजकूर मात्र त्याने शेवटपर्यंत वाचावा. त्यात फाइलचे नाव आणि ओळीचा क्रमांक बहुधा दिलेला असतो, आणि ‘चालत नाही’ एवढेच सांगत येणाऱ्या दहांपैकी बहुतेकांनी नेमका तोच भाग वगळलेला असतो.

पैशांच्या हिशेबाविषयी थोडक्यात सांगतो. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज यंत्र ०.३०००००००००००००००४ अशी दाखवते, हे पाहून ज्यांचा संगणकावरील विश्वास डळमळतो त्यांनी ध्यानी घ्यावे की, एक भागिले तीन ही संख्या जशी दशमान पद्धतीत पूर्णपणे लिहिता येत नाही, तशी एक दशांश ही संख्या द्विमान पद्धतीत लिहिता येत नाही. १९८५ सालच्या आयईईई ७५४ या मानकानुसार यंत्र तिच्या निकटतम संख्येवर समाधान मानते. शास्त्रीय गणितास ते पुरते, सावकारीस पुरत नाही. रुपये-पैशांसाठी डेसिमल हा प्रकार वापरावा, आणि पूर्णांकन कोठे करावयाचे हे हिशेबनिसाला विचारून ठरवावे, कारण तो प्रश्न प्रोग्रॅमरच्या अखत्यारीतील नाही. बारा लाख चौतीस हजार ही रक्कम स्वल्पविराम देऊन कशी लिहावयाची हेही प्रोग्रॅममध्ये पक्के करून ठेवू नये. विंडोजची प्रादेशिक मांडणी ते जाणते.

मराठी मजकुराचा प्रश्न मात्र इंग्रजी ग्रंथांत क्वचितच भेटतो, आणि म्हणून येथे त्यावर अंमळ रेंगाळण्याची मुभा मी घेतो. ज्या पिढीने प्रथम मराठीत संगणकीय काम केले तिने अक्षरांचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसविलेल्या फॉन्टांवर भिस्त ठेवली; तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर तोच मजकूर निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन पडे. भारतीय मानक संस्थेचे इस्की हे सांकेतिक मानक आणि युनिकोडची पहिली आवृत्ती ही दोन्ही १९९१ची. विंडोजमध्ये युनिकोडाधारित देवनागरी आली ती विंडोज २०००बरोबर, मंगल हा फॉन्ट घेऊन. आज तो झगडा बहुतांशी संपला आहे, परंतु जुन्या दफ्तरांतील फाइली उघडू पाहणारा नवखा त्याच्याशी अद्यापि सामना करतो.

नव्या मजकुरातील अडचणी निराळ्या आहेत. ‘महाराष्ट्र’ या शब्दात वाचणाऱ्याला चार अक्षरे दिसतात. प्रोग्रॅम त्याची लांबी दहा सांगतो, कारण काना, हलन्तचिन्ह आणि जोडाक्षरातील प्रत्येक व्यंजन तो स्वतंत्र मोजतो. आणि यूटीएफ-८ या पद्धतीने फाइलीत लिहिताना प्रत्येकास तीन बाइट लागून त्याच शब्दाने तीस बाइट व्यापलेले असतात. शब्द उलटा करून दाखवा, हा जो स्वाध्याय प्रत्येक क्रमिक पुस्तकात असतो तो या शब्दावर करून पाहावा : काने आणि हलन्तचिन्हे आपापली व्यंजने सोडून भलत्याच व्यंजनांस चिकटतात आणि जे बाहेर पडते ते कोणत्याही भाषेचे नसते. ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा र तर आणखी चकवा देतो. युनिकोडमध्ये त्याच्यासाठी ऱ हे स्वतंत्र चिन्ह आहे, तेच र आणि खालचा नुक्ता मिळूनही लिहिता येते, आणि र, हलन्त व एक अदृश्य सांधकचिन्ह यांनीही पडद्यावर हुबेहूब तोच आकार उमटतो; मग एका कारकुनाने एका रीतीने नोंदविलेले नाव दुसऱ्याने दुसऱ्या रीतीने शोधले असता सापडत नाही आणि दोघेही शपथेवर सांगतात की आपण बरोबरच लिहिले. दाखल होणारा मजकूर एका ठरीव रूपात आणून मगच साठवणे, हा त्यावरचा उपाय. वर्णानुक्रमाचेही असेच. युनिकोडच्या अनुक्रमात ळ हा ल च्या लगेच पुढे बसला आहे, आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर येतो. केवळ सांकेतिक क्रमांकांच्या आधारे लावलेली मराठी यादी त्यामुळे मराठी वाचकास चुकीची वाटते, आणि तसे वाटणे योग्यच आहे.

नावांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. गोव्यातील किंवा वसईतील ग्राहकांची यादी रोमन लिपीत नोंदविणारा प्रोग्रॅम डि'सोझा या आडनावापाशी येऊन अडखळतो. कारण नवख्याने डेटाबेसला द्यावयाची आज्ञा तुकडे जोडून तयार केलेली असते आणि आडनावातील ते अवतरणासारखे चिन्ह डेटाबेस मजकुराची समाप्ती समजतो. पुष्कळांना यात केवळ एका आडनावाची गैरसोय दिसते. वस्तुतः ज्या फटीतून एक निरुपद्रवी चिन्ह आज्ञेत शिरले त्याच फटीतून दुष्ट हेतूने लिहिलेली संपूर्ण आज्ञाही शिरू शकते. मूल्ये आज्ञेपासून निराळी, पॅरामीटर म्हणून द्यावीत. ही शिस्त पहिल्या दिवसापासून पाळण्यास एक पैचाही खर्च नाही.

दुसऱ्या समजुतीविषयी, म्हणजे यंत्र आपले आहे या भावनेविषयी, आता थोडे. आपल्या यंत्रावर आपण मुखत्यार असतो. आज्ञावलीत स्वतःच्या नावाच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहून ठेवतो, प्रोग्रॅमजवळच डेटाची फाइल ठेवतो, आणि सर्व काही चालते. परक्या यंत्रावर तो पत्ता नसतो, आवश्यक ती लायब्ररी नसते, पडद्याची घनता निराळी असते, आणि वापरणाऱ्यास प्रोग्रॅम फाइल्स या फोल्डरात लिहिण्याचा अधिकार नसतो. विंडोज व्हिस्टा २००७ साली सर्वसामान्यांच्या हाती आले तेव्हा ही अधिकारांची शिस्त कडक झाली आणि असंख्य जुने प्रोग्रॅम अडचणीत सापडले; त्यांच्या सोयीसाठी विंडोजने अशी युक्ती केली की, निषिद्ध जागी लिहिलेली फाइल गुपचूप वापरणाऱ्याच्या स्वतःच्या जागेत नेऊन ठेवावी. फाइल लिहिली गेली असे प्रोग्रॅम म्हणतो, फोल्डर उघडून पाहिले तर ती तेथे नाही, आणि दुसरा वापरणारा आला तर त्याला निराळाच हिशेब दिसतो, या गूढाचा उलगडा एवढाच. वापरणाऱ्याची माहिती ठेवण्यासाठी नेमून दिलेली जागा आहे. तिचा पत्ता विंडोजलाच विचारावा, आणि तेथे एसक्यूलाइटसारखा एका फाइलीत मावणारा डेटाबेस ठेवावा, म्हणजे दुसऱ्याच्या यंत्रावर सर्व्हर बसविण्याची तसदी द्यावी लागत नाही.

डेस्कटॉपचे दिवस संपले आहेत की काय, हेही मला विचारले जाते. ज्याला हा प्रश्न छळतो त्याने दुकानांतील हिशेबाचे प्रोग्रॅम, प्रयोगशाळेत उपकरणास जोडलेले संगणक, छापखान्यातील पानजुळणी आणि स्वतः प्रोग्रॅमर ज्यात आज्ञावली लिहितात ती साधने पाहावीत. ब्राउजरने पुष्कळ प्रांत काबीज केला आहे यात शंका नाही, आणि कित्येक आधुनिक डेस्कटॉप प्रोग्रॅम तर अंतर्यामी ब्राउजरच असतात, ज्याबद्दल त्यांनी व्यापलेली स्मृती पाहून मला नेहमीच खेद होतो. पण चळतीतील अर्ज उचलणारा कारकून तेथेही तोच आहे, आणि येथे त्याची ओळख झालेल्यास तेथे ती पुन्हा करून घ्यावी लागणार नाही.

छपाई, ध्वनी आणि चित्रफितींचे विषय या पुस्तकात घेतलेले नाहीत. त्यांस स्वतंत्र ग्रंथ हवा. प्रकरणे क्रमाने वाचण्याची सक्ती नाही, मात्र थ्रेडविषयीचे प्रकरण आवर्तनाविषयीच्या प्रकरणापूर्वी वाचू नये. प्रत्येक प्रकरणाअखेरचा नमुना वाचकाने प्रथम स्वतःच्या यंत्रावर चालवून पाहावा, आणि मग ज्या यंत्रावर विकासाची कोणतीही साधने नाहीत, जेथे आपले खाते प्रशासकाचे नाही आणि जेथे खात्याचे नाव देवनागरीत आहे, अशा एखाद्या दुसऱ्या यंत्रावर तो नेऊन उघडावा.